जो सिव्हिलपर्यंत पोचलाच नाही, त्याचा खर्च कुठल्या वहीत?

आपल्या खान्देशात आरोग्याची बातमी येते ती कशी येते बघा, नव्या इमारतीचं उद्घाटन, सीटी स्कॅनचं मशीन आलं, ॲम्ब्युलन्सना हिरवा झेंडा, इतके कोटी मंजूर. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे सारखंच. त्या पैशातून किती लोक बरे झाले, किती बायका बाळंतपणात वाचल्या, तोच पैसा दुसऱ्या कामाला लावला असता तर अजून जास्त वाचल्या असत्या का, हे कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर लोक म्हणतात दवाखाना होतोय ते बघवत नाही का तुला. आपला शेतकरी कपाशीचं बियाणं घेताना सुद्धा दुकानदाराला आधी एकरी उतारा विचारतो, मग पिशवी उचलतो. जिल्ह्याच्या आरोग्याचे कोट्यवधी रुपये मात्र उतारा न विचारता जातात.

हा उतारा मोजायचं पूर्ण एक शास्त्र आहे, हेल्थ इकॉनॉमिक्स, आरोग्याचं अर्थशास्त्र म्हणा. माझं म्हणणं सरळ आहे, हे शास्त्र दिल्ली-चंदीगडच्या रिसर्च पेपरांतून बाहेर निघून आपल्या जिल्हा नियोजन समितीच्या टेबलावर आलं पाहिजे. पण ते जसंच्या तसं उचलून आणून चालणार नाही, कारण आज ज्या आकड्यांवर ते चालतं त्यात सातपुड्यातला माणूस जवळजवळ दिसतच नाही, आणि ही दुरुस्ती केली नाही तर तेच शास्त्र आपल्या विरोधात वापरलं जाईल.

आधी ते आहे काय ते थोडक्यात सांगतो. २०१७ मध्ये केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट इन इंडिया नावाची यंत्रणा सुरू केली. नवीन औषध, मशीन किंवा तपासणी सरकारी योजनेत घ्यायची की नाही हे ठरवायच्या आधी ती किती फायद्याची आणि किती खर्चाची हे मोजायचं, असं तिचं काम. मोजायचं माप म्हणजे क्वाली, एक वर्ष पूर्ण तब्येतीत जगलात तर एक, अंथरुणाला खिळून जगलात तर त्याहून कमी. मग एक क्वाली मिळवायला किती रुपये जास्तीचे लागतात ते काढतात आणि साधारण देशाच्या दरडोई जीडीपीएवढ्या, म्हणजे साधारण दोन-अडीच लाखांच्या आत ते बसलं तर परवडलं असं धरतात. इंग्लंडने हे काम १९९९ पासून नाइस नावाच्या संस्थेकडे दिलंय, थायलंडने २००७ पासून हायटॅपकडे. आपल्याकडच्या सुरुवातीच्या अभ्यासांतला एक मोतीबिंदूच्या लेन्सचा होता, आणि त्यातून दिसलं की सरकारी कार्यक्रमात छोट्या छेदाचं ऑपरेशन करून साधी कडक लेन्स बसवणं पैशाच्या मानाने सगळ्यात फायद्याचं. मोतीबिंदूच्या शिबिरांना आपल्याकडे गावोगावचे म्हातारे जीपगाड्या भरून जातात, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला लांबचा नाही.

हे ऐकल्यावर लोक पहिली गोष्ट म्हणतात ती अशी की माणसाच्या जिवाची किंमत लावता का तुम्ही. भावना खरी आहे आणि मी ती उडवून लावणार नाही. पण किंमत आजही लागतेच आहे भाऊ. धडगावच्या वरच्या पाड्यांवरून अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात, नर्मदेच्या काठावरच्या गावांना बोटीच्या ॲम्ब्युलन्सची वाट बघावी लागते, तिथे कोणीतरी कधीतरी ठरवलंच ना की या रस्त्यावर एवढाच पैसा. फक्त ते कागदावर लिहिलं नाही, त्यामुळे त्याचा जाब कोणाला विचारता येत नाही. हिशोब मांडला तर निदान भांडायला काहीतरी हातात येतं.

आणि हिशोब गरिबाच्या बाजूने सुद्धा बोलतो, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग केला, १९९९ मध्ये लॅन्सेट या जगभरच्या डॉक्टरांच्या मासिकात तो छापून आला, नवजात बालमृत्यू बाजूच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि एका बाळामागे खर्च आला ५.३ डॉलर. हा ५.३ चा आकडा फार मोठं काम करून गेला असं मला वाटतं. नुसतं बाळं वाचली म्हटलं असतं तर सरकार म्हणालं असतं छान आहे, पण एवढ्या मोठ्या देशात कसं परवडणार. खर्च आधीच मांडलेला असल्यामुळे ती पळवाट राहिली नाही, आणि २०११ पासून देशभरात आशाताई बाळाच्या घरी जाऊन वजन बघतात, ताप बघतात, ते त्याच प्रयोगातून आलेलं आहे. आपल्या अक्कलकुव्याची आशाताई पावसाळ्यात नाला ओलांडून ज्या घरी जाते त्या भेटीमागे कोणीतरी नीट केलेलं एक गणित आहे.

आता माझ्या खऱ्या मुद्द्यावर येतो. हे शास्त्र आकडे घेतं कुठून? जास्त करून दवाखान्याच्या रजिस्टरमधून. किती पेशंट आले, किती दिवस राहिले, किती औषध गेलं, किती खर्च झाला. म्हणजे जो आला तोच मोजला. तोरणमाळकडच्या एखाद्या पाड्यावर न्यूमोनियाने पोर घरातच गेलं तर दवाखान्याच्या वहीत त्याचा खर्च शून्य आहे. मग होतं असं की जिथे सेवा पोचतच नाही तो तालुका कागदावर स्वस्त दिसतो, आणि जिथे चांगला डॉक्टर आला, गर्दी वाढली, औषधं संपायला लागली तो तालुका महाग दिसतो. चांगलं काम करणाऱ्या मेडिकल ऑफिसरला वरून विचारणा येते की तुमच्याकडे औषधाचा खप एवढा कसा वाढला. हे मी कल्पनेने लिहीत नाही, आरोग्य केंद्रात काम केलेल्या कोणालाही विचारा.

देशाच्या मोठ्या आकड्यांतही हेच आहे. राष्ट्रीय आरोग्य लेखे म्हणजे देशाच्या आरोग्यखर्चाचा सरकारी हिशोब, त्याप्रमाणे लोकांच्या खिशातून होणारा खर्च एकूण आरोग्यखर्चाच्या ६४.२ टक्के होता २०१३-१४ मध्ये, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. चांगली गोष्ट आहे, मी नाकारत नाही. पण जो गेलाच नाही त्याचा खिसा रिकामा झाला नाही म्हणून तोही यात सुधारणेच्याच बाजूला मोजला जातो, आणि बुडालेली मजुरी तर यात धरलेलीच नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणी-उपचार मोफत झाले, तेही योग्यच झालं. पण दवाखान्याच्या खिडकीवर मोफत झालं म्हणजे घरापासून खिडकीपर्यंत मोफत झालं असं होत नाही ना.

डायलिसिसचंच घ्या. २०१६ मध्ये पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला, जिल्हा रुग्णालयांत मशीन बसली, गरिबाला डायलिसिस फुकट. हिशोबात एका डायलिसिसचा खर्च म्हणजे मशीन, पाणी, रक्त गाळायची गाळणी (डायलायझर), टेक्निशियनचा पगार. आता चोपडा-यावलकडच्या एखाद्या गावातला माणूस धरा, आठवड्यातून दोनदा जळगाव, चार तास मशीनवर, आणि एकटा तो जाऊच शकत नाही, बरोबर बायको किंवा पोरगा. वर्षाला शंभराच्या वर खेपा, दोन माणसांच्या. एसटी, रिक्षा, डबा, आणि दोघांची मजुरी बुडाली ती वेगळी, केळीच्या कापणीच्या दिवसात तर मजुराला नाही म्हणणं म्हणजे पुढच्या वेळेला मुकादम बोलावणारच नाही. आमच्याकडे एका ओळखीच्या घरात हेच झालं, डायलिसिस फुकट होतं आणि तरी दीड वर्षात शेताचा तुकडा सावकाराकडे गेला, शेवटी खेपा कमी केल्या, आणि मग ते काका गेले. त्यांची बाई अहिराणीत एवढंच म्हणाली, पैसा बी गयात नी मानूस बी गया. सरकारच्या हिशोबात हा पेशंट यशस्वी लाभार्थी आहे.

थायलंडने इथे काय केलं ते मुद्दाम सांगतो, कारण त्यात या शास्त्राचा खरा उपयोग कसा करायचा ते दिसतं. तिथल्या संशोधकांनी हिशोब केला आणि निघालं असं की डायलिसिस त्यांच्या ठरवलेल्या मर्यादेत बसत नाही, क्वालीमागे खर्च फार जास्त. आकडा म्हणतो नको. तरी २००८ पासून सरकारने सगळ्यांसाठी ते सुरू केलं, कारण किडनीच्या आजाराने कुटुंबंच्या कुटुंबं कर्जात बुडत होती आणि ते थांबवणं त्यांना महत्त्वाचं वाटलं. पण पद्धत निवडली ती पोटातून घरीच करायच्या डायलिसिसची, पेरिटोनियल म्हणतात त्याला, म्हणजे खेड्यातल्या माणसाला शहराच्या खेपा नकोत, पाण्याच्या पिशव्या घरपोच. नंतर २०२२ मध्ये पेशंटला निवडीची मुभा दिली. मला यातलं आवडतं ते हे की संशोधनाने आकडा समोर ठेवला, निर्णय लोकांच्या सरकारने घेतला, आणि कशासाठी जास्त पैसा घालतोय हे सगळ्यांना माहीत होतं. आपल्याकडे पण घरच्या डायलिसिसच्या मार्गदर्शक सूचना २०१९ मध्ये निघाल्यात. त्यात अडचणी आहेत, घर स्वच्छ पाहिजे, पोटात इन्फेक्शनची भीती असते, शिकवणारी नर्स पाहिजे, पिशव्यांचा पुरवठा तुटून चालत नाही. पण आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी कोणी पेशंटच्या खेपा, मजुरी, सोबतचा माणूस हे सगळं धरून दोन्ही पद्धतींची तुलना मांडली पाहिजे की नको? मशीनचे खर्च फक्त मोजले तर उत्तर एक येतं, पेशंटच्या वर्षभराच्या खेपा मोजल्या तर दुसरं येऊ शकतं.

सिकलसेलचं, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, याहून जवळचं आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंत निर्मूलन, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे लक्ष्य. नंदुरबारमध्ये भिल्ल आणि पावरा समाजात हा आजार किती आहे हे तिथल्या प्रत्येक शाळामास्तरला माहीत आहे. आई आणि बाप दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून आजार पुढे देऊ शकत असतील, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. तपासणी व्हायलाच पाहिजे. पण तपासणीने कोणी बरा होत नाही, तपासणीच्या पुढे जे होतं त्यावर तिची किंमत ठरते. लहान बाळ असेल तर पेनिसिलिन आणि न्यूमोनियाची लस, मोठा असेल तर हायड्रॉक्सीयुरिया, त्याने दुखण्याचे झटके कमी होतात, रक्त चढवायची वेळ कमी येते, औषध जुनं आहे, महाग नाही, फक्त मधूनमधून रक्त तपासावं लागतं. आता मिशनचा अहवाल बोलतो तो किती लाख तपासले आणि किती कार्ड वाटले यावर. या शास्त्राचा माणूस टेबलावर असता तर त्याने विचारलं असतं की तपासणीत सापडलेल्या किती जणांच्या हातात सहा महिन्यांनी सुद्धा गोळी आहे, आणि नसेल तर तपासणीच्या पुढच्या किटचा पैसा आधी गोळीकडे का वळवू नये.

यातच एक अशी गोष्ट आहे जी दिल्लीत बसून सुचणार नाही. दिवाळीनंतर धडगाव-अक्कलकुवा-तळोद्याकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातमध्ये उतरतात, पोरांसकट, आणि उन्हाळ्यात परत येतात. पेशंटला महिन्याची गोळी देऊन पुढच्या महिन्यात या म्हटलं तर तो पुढच्या महिन्यात बारडोलीच्या फडात असतो. तीन महिन्यांची गोळी बरोबर द्यायची, रक्ताची तपासणी जायच्या आधी आणि आल्यावर, मध्ये गुजरातच्या आरोग्य केंद्रात करून घ्यायची सोय, याला किती खर्च येतो आणि किती झटके वाचतात हे मोजायला काही परदेशी निधी लागत नाही. पण मोठ्या शहरातल्या दवाखान्यातले पेशंट औषध किती नियमित घेतात तो आकडा उचलून नंदुरबारला लावला तर सगळं गणितच खोटं होतं.

अजून एक दोष आहे आणि तो मला फार टोचतो. आजारपणात बुडालेले दिवस रुपयात मोजताना त्या माणसाची कमाई धरायची पद्धत आहे. म्हणजे समजा साहेबाचा दिवस २,००० चा आणि कापूस वेचणाऱ्या बाईचा ३०० चा. मग एकाच औषधाने दोघांचे दहा दिवस वाचले तरी साहेबाला वाचवणं जास्त फायद्याचं निघतं. क्वालीत निदान सगळ्यांचं वर्ष सारखं धरतात, म्हणून मला क्वाली त्यातल्या त्यात बरा वाटतो. मजुरी धरायचीच असेल तर सगळ्यांना एकच दर धरा, किंवा घरच्या वर्षाच्या उत्पन्नाचा कितवा हिस्सा गेला ते धरा, मग त्या बाईचे दहा दिवस किती मोठे होते ते दिसेल.

याला विरोध करणारे दोन प्रकारचे लोक मला भेटतात आणि दोघांचंही थोडं बरोबर आहे. कार्यकर्ते म्हणतात हे सगळं शेवटी महागडे उपचार नाकारायचं हत्यार होणार, इंग्लंडमध्ये कॅन्सरची औषधं नाकारली गेलीच की, आणि सातपुड्यातला जीव वाचवायला जळगाव शहरापेक्षा जास्त खर्च येतो म्हणून उद्या म्हणतील तिकडचं बंद करा. ही भीती खोटी नाही. नुसतं रुपयामागे किती क्वाली एवढंच बघितलं तर बोटीची ॲम्ब्युलन्स पहिली कापली जाईल. पण भारताच्याच ठरवलेल्या पद्धतीत समाजाच्या बाजूने हिशोब करा असं म्हटलंय, म्हणजे सरकारचा खर्च आणि पेशंटच्या खिशातला खर्च दोन्ही दाखवा. ते पाळलं, आणि जे आलेच नाहीत त्यांना धरलं, तर बोट किती माणसांमागे किती महाग एवढ्यावर न थांबता बोट नसती तर काय झालं असतं हे पण त्याच कागदावर येतं. आणि तरीही महाग निघाली तर आपण सगळ्यांनी मिळून म्हणायचं की हो महाग आहे, आणि तरी चालू ठेवणार, कारण त्या लोकांचं गाव धरणाच्या पाण्याने तोडलंय, त्यांनी स्वतः तोडलेलं नाही.

दुसरे म्हणजे अधिकारी, ते म्हणतात आम्हाला वेळ कुठे, माणसं कुठे, खालपासून वरपर्यंत निम्मा वेळ पोर्टल भरण्यात जातो. हेही खरं. पण पैसा मोजून दर ठरवायचं काम आपल्या देशात होऊ शकतं हे आरोग्य योजनांमध्ये दिसलंय. चंदीगडच्या पीजीआय या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संस्थेने सरकारी आणि खाजगी दवाखान्यांतला प्रत्यक्ष खर्च मोजणारा मोठा अभ्यास केला आणि आयुष्मान भारतच्या पॅकेजचे दर सुधारताना त्याचा उपयोग झाला, २०२२ च्या दरांत शहराचा प्रकार बघून वेगवेगळे दर आले. आपल्या राज्यात २ जुलै २०१२ ला जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात धुळे होतं. त्यानंतर २०१७ मध्ये नाव बदलून महात्मा फुले झालं, आणि पुढे काही वर्षांनी दीड लाखाचं संरक्षण वाढून ५ लाखांवर गेलं. एवढ्या वर्षांत धुळ्यातल्या कुटुंबांचं कर्ज त्याने किती कमी झालं हे तालुकावार मांडून जिल्ह्याच्या लोकांसमोर का ठेवलं जात नाही, आणि योजना ॲडमिट झाल्यावरचीच असल्यामुळे बीपी-शुगरच्या रोजच्या गोळीचा खर्च घरच्यावरच राहिला, त्या गोळीअभावी किती जण लकवा होऊन शेवटी त्याच योजनेत ॲडमिट झाले, हे पण विचारायला पाहिजे. ॲडमिट झाल्यावर लाखभर द्यायला सरकार तयार आहे, आणि आधीची काही रुपयांची गोळी उपकेंद्रात कधी असते कधी नसते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या २.५ टक्के करू म्हटलं होतं, २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. पैसा आधीच कमी आहे म्हणूनच तो कुठे लावायचा हे डोळे उघडे ठेवून ठरवायला हवं, आणि कमी आहे हे सांगायला सुद्धा हाच हिशोब कामाला येतो.

मग माणसं कुठून आणायची? बाहेरून आणायची गरज नाही. धुळ्याला हिरे मेडिकल कॉलेज आहे, जळगावला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, नंदुरबारलाही झालं, तिन्हीकडे पीएसएमचा, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा विभाग आहे आणि एमबीबीएसच्या पोरांना गावात जाऊन कुटुंबांचा अभ्यास करावाच लागतो, जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ आहे, त्याच्या कॉलेजांत अर्थशास्त्र शिकणारी पोरं याच गावांतून आलेली आहेत आणि अहिराणी-भिलोरी-पावरी बोलतात, जे चंदीगडच्या संशोधकाला जमणार नाही. त्यांना घेऊन प्रत्येक तालुक्यातल्या काही पाड्यांवर घरोघर जाऊन विचारा की गेल्या वर्षात कोण आजारी पडलं, दवाखान्यात गेलं का, नाही गेलं तर का नाही गेलं, गेलं तर गाडीला किती लागले, किती दिवस बुडाले, पैसे कोणाकडून घेतले आणि काय व्याजाने. हे विचारताना नावं बाहेर जाणार नाहीत याची हमी द्या, नाहीतर सावकाराचं नाव कोणी सांगणार नाही.

आणि जिल्हा नियोजन समितीत, आदिवासी उपयोजनेत, राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या (एनएचएम) वार्षिक आराखड्यात आरोग्याची जी मोठी मागणी जाते तिला एक पान जोडा. हा पैसा कोणासाठी, त्याने काय बदलेल, याच पैशात दुसरं काय करता आलं असतं, पेशंटच्या घराला किती पडेल, आणि कोण यातून सुटतंय. ते पान मराठीत लिहा आणि मीटिंगच्या आधी ग्रामपंचायतीत लावा. धडगावच्या सरपंचाने ते वाचून सभेत उठून सांगितलं की साहेब तुमच्या हिशोबात आमचा पाडाच नाही, तर त्या मागणीवर सही करायच्या आधी समितीला त्या सरपंचाला उत्तर द्यावं लागेल, आणि ते उत्तर इतिवृत्तात लिहावं लागेल.